हातोड्याच्या व्हिडिओवर काचेचं रेलिंग ठरवू नका

सांगली-मिरजेकडे नव्या बंगल्यांच्या गॅलऱ्यांना काचेचं रेलिंग लागू लागलंय, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ फिरतोय. माणूस लॅमिनेटेड काचेवर हातोडा हाणतो, काच पडत नाही. खाली मजकूर: 'ही काच फुटत नाही. टफनपेक्षा दहापट मजबूत, बुलेटप्रूफ. वर पाइप नको, आयुष्यभर बघायला नको.'

'फुटत नाही.' व्हिडिओ मधेच थांबवून बघा. काचेवर जाळं उमटलेलं दिसेल. फुटली, फक्त पडली नाही. लॅमिनेटेड म्हणजे दोन काचा मधे प्लास्टिकची फिल्म घालून चिकटवलेल्या; ही पीव्हीबीची फिल्म तुकडे धरून ठेवते आणि स्वतः ताणली जाऊन माराचा जोर पिते. साधी काच लॅमिनेट केली म्हणून तडकायची थांबत नाही.

'टफनपेक्षा दहापट.' इथे सरळ गल्लत आहे. टफन म्हणजे काच ६०० अंश सेल्सियसच्या वर तापवून हवेच्या झोतात झपाट्याने गार करायची. त्याने तिचा पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि साध्या काचेच्या चार-पाच पट ताकद येते. लॅमिनेशनने अशी ताकद येत नाही. उलट सतत भार असेल तर ५+५ मिमीची जोडकाच सलग १० मिमी काचेपेक्षा जास्त वाकते, कारण मधली फिल्म थोडी सरकते.

मग दोन्ही टफन काचा घेऊन लॅमिनेट कराव्यात? रेलिंगला ते योग्यच. पण दोन्ही एकदम गेल्या तर सगळ्याचे बारीक दाणे होतात आणि ते पान ओल्या गोधडीसारखं लोंबतं. त्यात पीव्हीबी उष्णतेने मऊ पडते. सांगलीचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकतो, पश्चिमेच्या गॅलरीतली काच त्याहून तापते. पीव्हीबीच्या जागी वापरायची आयनोप्लास्ट नावाची फिल्म बरीच कडक असते, महागही असते. काचेच्या वरच्या कडेला आधाराचा पाइप घ्यायचाच नसेल तर तिची चौकशी करा.

बुलेटप्रूफ? त्या काचा अनेक थरांच्या आणि कितीतरी जाड असतात. हा मुद्दा सोडूनच देऊ.

'वर पाइप नको.' सगळ्यात घातक वाक्य हे. काच लोंबली तर आधाराला तो पाइपच उरतो, आणि हातोड्याचा मार म्हणजे माणसाचा धक्का नव्हे. हातोडा हलका, कडक, एका ठिपक्यावर बसणारा. गॅलरीत आदळतं ते माणसाचं अंग: जड, मऊ, पसरट. म्हणून युरोपच्या एन १२६०० चाचणीत हातोडा नसतोच. दोन टायर बसवलेला ५० किलोचा लंबक जास्तीत जास्त १२०० मिमी उंचीवरून सोडतात. तीही काचेबद्दल सांगते, तुमच्या स्लॅबला ठोकलेल्या चॅनलबद्दल, म्हणजे काच ज्या धातूच्या खाचेत बसते तिच्याबद्दल, नाही. १९९३ साली टोरंटोत एक वकील खिडकीची मजबुती दाखवायला २४व्या मजल्यावर तिच्यावर अंग झोकून द्यायचा. त्या दिवशी काच फुटली नाही. चौकटीतून अख्खी निसटली आणि तो खाली कोसळून गेला.

'आयुष्यभर.' कडेने पाणी शिरलं की काठाला पांढुरका पट्टा येतो, पुढे थर सुटतो. व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉनही फिल्मला बाधू शकतं, न्यूट्रल मागा. कोटेशनमध्ये नुसतं 'लॅमिनेटेड ग्लास' असेल तर फॅब्रिकेटरकडून चार गोष्टी लिहून घ्या: प्रत्येक काचेची जाडी, दोन्ही टफन आहेत का, फिल्म कोणती आणि ०.७६ मिमी की १.५२, आणि पावसाचं पाणी निघायला चॅनलला भोकं कुठे पाडणार.