रोइंगपटूंच्या ‘सहली’चा हिशेब

भारताचे रोइंगपटू, म्हणजे वल्ह्यांच्या नौकांच्या शर्यतीतले खेळाडू, आंतरराष्ट्रीय स्पर्धांना सरकारी खर्चाने सहलीला जातात, असा सूर लावणारा मजकूर २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपासून व्हॉट्सअॅपवर या ना त्या रूपात फिरतो आहे. त्यातले मुद्दे साधारण असे: पॅरिसमध्ये एकेरी स्कल्समध्ये (एकट्याने दोन वल्ह्यांनी नौका हाकण्याच्या शर्यतीत) बलराज पनवार तेविसावा आला, तेव्हा त्याला पाठवलेच कशाला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात दत्तू भोकनळने दिलेल्या वेळेपेक्षा त्याला जास्त वेळ लागला, म्हणजे आठ वर्षांत आपण मागे गेलो, आशियाई पदके मिळतात ती समोर कोणी तगडे नसते म्हणून, आणि एवढी किनारपट्टी असताना कोळ्यांची पोरे सोडून फौजेतले जवान होडीत बसवले जातात. यातल्या शेवटच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, मात्र ते मजकूर लिहिणाऱ्याने दाखवले त्या ठिकाणी नाही.

‘पाठवले’ या शब्दापासूनच सुरुवात करावी लागेल. ऑलिंपिकच्या रोइंगमध्ये कोणत्याही देशाला आपल्या मर्जीने नौका उतरवता येत नाही. जागा मर्यादित असतात, एका प्रकारात एका देशाची एकच नौका असते, आणि ती जागा सहसा जागतिक किंवा खंडीय पात्रता स्पर्धेत मिळवावी लागते. बलराजने ती एप्रिल २०२४ मध्ये दक्षिण कोरियातील चुंगजू येथे तिसरा क्रमांक घेऊन मिळवली. पॅरिसमध्ये प्राथमिक शर्यतीत तो चौथा आला, रेपेचाजमध्ये म्हणजे दुसऱ्या संधीच्या शर्यतीत दुसरा येऊन त्याने उपांत्यपूर्व फेरी गाठली, आणि तिथे पाचवा आल्यावर खालच्या क्रमांकांच्या शर्यतींकडे गेला. या खेळात पदकाच्या शर्यतीबाहेर पडलेल्यांचेही क्रमांक लावले जातात: ‘अ’ अंतिम शर्यतीत पहिले सहा, ‘ब’मध्ये सातवा ते बारावा, असे उतरत जाऊन ‘ड’ शर्यतीत पाचवा आलेला तेविसावा ठरतो. हे यश मोठे आहे असे कोणी म्हणणार नाही. दत्तूचा रिओतील तेरावा क्रमांक आणि टोकियोत अर्जुन लाल जाट व अरविंद सिंग यांनी हलक्या वजनी गटाच्या दुहेरी स्कल्समध्ये मिळवलेला अकरावा क्रमांक याहून वरचे आहेत, आणि बलराजवर टीका करायचीच तर ती या क्रमांकांच्या आधारे करता येते. पण पात्रता मिळवून गेलेल्या खेळाडूच्या प्रवासाला सहल म्हणणे ही टीका नव्हे.

वेळेचा मुद्दा सर्वांत जास्त पसरला, कारण तो आकड्यांत असल्याने बिनतोड वाटतो. दत्तूने रिओत शेवटच्या शर्यतीत ६ मिनिटे ५४.९६ सेकंद घेतले, बलराजने पॅरिसमध्ये ७ मिनिटे २.३७ सेकंद, वजाबाकी केली की झाले. पण त्याच रिओत, त्याच सरोवरावर, त्याच आठवड्यात दत्तूच्या इतर वेळा काय होत्या हे मजकुरात नाही. प्राथमिक शर्यतीत त्याला ७ मिनिटे २१.६७ सेकंद लागले, उपांत्यपूर्व शर्यतीत ६ मिनिटे ५९.८९, त्यानंतरच्या शर्यतीत ७ मिनिटे १९.०२, आणि शेवटी ६ मिनिटे ५४.९६. एकाच माणसाच्या दोन शर्यतींत सव्वीस सेकंदांहून अधिक फरक पडला, तो काही दत्तू मध्येच थकला आणि मग तरणाबांड झाला म्हणून नव्हे. पहिल्या दिवशी पाणी इतके खवळलेले होते की दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या शर्यती वाऱ्यामुळे पुढे ढकलाव्या लागल्या. उघड्या पाण्यावर समोरचा वारा वेळ वाढवतो आणि पाठीमागचा घटवतो, म्हणूनच जागतिक महासंघ ‘विश्वविक्रम’ न म्हणता ‘जगातील सर्वोत्तम वेळ’ एवढेच नोंदवतो. तुलना करायचीच असेल तर ती त्याच दिवशी, त्याच वाऱ्यात शेजारच्या मार्गिकेतून गेलेल्या नौकेशी करावी. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तर शर्यत दोन हजारऐवजी पंधराशे मीटरची होणार आहे. त्या वेळी पाच-साडेपाच मिनिटांचे आकडे पाहून प्रगतीचे फटाके फुटायला नकोत.

आशियात समोर कोणी तगडे नसते, हा दावा चीनकडे पाहिले तरी कोसळतो. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, म्हणजे २०२३ च्या सप्टेंबरमध्ये, भारताला रोइंगमध्ये दोन रौप्य आणि तीन कांस्य अशी पाच पदके मिळाली. तिथे एकेरी स्कल्सचे सुवर्ण जिंकणारा चीनचा झांग लियांग हा टोकियो ऑलिंपिकच्या दुहेरी स्कल्समधील कांस्यपदक विजेता होता. त्याच शर्यतीत बलराज चौथा आला. आठ जणांच्या नौकेत आपण चीनच्या मागे तीन सेकंदांच्या आत होतो. या प्रकारात नौका उतरवणारे देश आशियात मोजकेच आहेत हे खरे, पण चार जणांच्या नौकेत उझबेकिस्तानने चीनला आणि भारताला मागे टाकून सुवर्ण नेले, हेही त्याच पाण्यावर घडले.

आता कोळी आणि फौज. शर्यतीची एकेरी नौका सुमारे आठ मीटर लांब, बसण्याच्या जागी जेमतेम फूटभर रुंद आणि नियमाप्रमाणे किमान चौदा किलो वजनाची असते. पाय बुटात जखडलेले, बैठक रुळांवर मागेपुढे सरकणारी, पाठ जाण्याच्या दिशेकडे, आणि जोर मुख्यतः मांड्यांचा. समुद्रावर वाढण्याचा इथे फारसा उपयोग नाही. बजरंगलाल ताखर, ज्याने २०१० मध्ये ग्वांगझोऊला या खेळातले भारताचे पहिले आशियाई सुवर्ण जिंकले, तो राजस्थानातल्या सीकरकडचा. दत्तू दुष्काळी चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, ज्याने घरी विहिरी खोदण्याचे काम केले होते. २०१८ च्या आशियाई सुवर्ण विजेत्या चौघांच्या नौकेत तो होता. त्याला वल्हे मिळाले ते खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये भरती झाल्यावर. उंच मुले हेरणारी, त्यांच्या पोटाची काळजी मिटवून वर्षानुवर्षे सराव करून घेणारी आणि महागड्या नौका राखणारी यंत्रणा देशात प्रामुख्याने सैन्याकडे आहे, आणि पुण्याचे आर्मी रोइंग नोड हे तिचे मोठे केंद्र आहे. जवान आहेत म्हणून खेळ चुकतो आहे असे नाही. जवान आहेत म्हणून तो टिकला आहे.

बोट ठेवायचे ते इथे ठेवायला हवे होते. हांगझोऊपर्यंत पाहिले तर आशियाई क्रीडा स्पर्धांच्या रोइंगमधील भारतीय महिलांचे शेवटचे पदक २०१० चे, प्रतिमा पुहाना आणि प्रमिला प्रवा मिंझ यांचे. २०१४, २०१८ आणि हांगझोऊ, तिन्ही वेळी सगळी पदके पुरुषांची. नागरी मुलामुलींसाठी सैन्यासारखा आधार उभा राहिलेला नाही, त्याचा हा सरळ परिणाम आहे. त्यात पॅरिसनंतर ऑलिंपिकमधून हलका वजनी गट काढून टाकला गेला, म्हणजे ज्या वाटेने आपण टोकियोत अकरावे झालो ती वाटच बंद झाली. तिच्या जागी किनाऱ्यावर धावत जाऊन होडीत बसायचे, लाटांतून खुणेच्या बोयांना वळसे घालून परत यायचे, अशी बीच स्प्रिंट शर्यत आली आहे. कोळीवाड्यातल्या मुलामुलींचा प्रश्न या एका प्रकारापुरता रास्त आहे, आणि तो भारतीय रोइंग महासंघाला व राज्य संघटनांना विचारायला हवा, बलराजला नव्हे.