भस्मासुर म्हणण्याआधी

कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय निघाला की हा दाखला हमखास येतो: फ्रँकेनस्टाइन नावाचा राक्षस जन्मतःच दुष्ट होता, त्याच्या डोक्यात गुन्हेगाराचा मेंदू होता, त्याला धड बोलताही येत नव्हतं आणि शेवटी तो भस्मासुरासारखा आपल्या निर्मात्यावरच उलटला. मेरी शेलीची १८१८ सालची कादंबरी मी अनेकदा वाचली आहे. यातलं एकही विधान मला पटत नाही.

नावाचं आधी उरकते. फ्रँकेनस्टाइन हे त्याला घडवणाऱ्या व्हिक्टरचं आडनाव. त्या जिवाला अख्ख्या कादंबरीत नावच मिळत नाही. आणि गुन्हेगाराचा मेंदू आला तो १९३१च्या चित्रपटातून. पुस्तकात त्याचा मागमूसही नाही.

बोलण्याचं म्हणाल, तर कादंबरीच्या मधली सलग काही प्रकरणं तोच बोलतो, आणि व्हिक्टरपेक्षा सरस बोलतो. एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपून, भिंतीच्या फटीतून ऐकत तो भाषा शिकला. पुढे इंग्रज कवी मिल्टनचं ‘पॅरडाइज लॉस्ट’ हे महाकाव्य वाचून त्यात स्वतःला शोधू लागला.

‘जन्मतः दुष्ट’ हा आरोप मला सगळ्यांत जास्त लागतो. त्या झोपडीतल्या कुटुंबाचं अन्न तो सुरुवातीला चोरून खायचा. हे लोक स्वतःच अर्धपोटी राहतात हे कळलं, त्या दिवसापासून त्याने चोरी सोडली आणि कंदमुळांवर भागवलं. रात्री त्यांचीच हत्यारं नेऊन जंगलातून सरपण आणायचं आणि त्यांच्या दाराशी रचायचं. वाटेवरचं बर्फ काढून ठेवायचं. घरातला आंधळा म्हातारा त्याच्याशी मायेने बोलला, कारण त्याला फक्त आवाज ऐकू येत होता. तेवढ्यात डोळस मुलगा फेलिक्स आत आला आणि काठीने बडवू लागला. त्याचे तुकडे करण्याची ताकद अंगात असूनही याने हात उगारला नाही. पुढे बुडणाऱ्या मुलीला नदीतून बाहेर काढलं, तर बक्षीस म्हणून खांद्यात गोळी मिळाली.

त्याने खून केले. व्हिक्टरच्या लहानग्या भावाचा, विल्यमचा गळा आवळला, आणि त्यांच्या घरची निरपराध मोलकरीण जस्टिन त्याच्यामुळे फासावर गेली. यावर मी पांघरूण घालणार नाही. पण हे सगळं त्या काठीनंतरचं आणि त्या गोळीनंतरचं आहे.

राहिला भस्मासुर. त्याला वर मिळाला होता, आणि वर देणाऱ्या शंकराच्याच डोक्यावर हात ठेवायला तो धावला. इथे काय घडतं? ज्याचे अवयव व्हिक्टरने देखणे म्हणून स्वतः निवडले, त्याने पिवळट डोळा उघडताच व्हिक्टर किळसून खोलीबाहेर पळतो. मग रात्री जाग येते, तर तो पलंगाचा पडदा वर धरून उभा. तोंडातून अस्फुट आवाज, गालांना सुरकुत्या पाडणारं हसू, आणि एक हात पुढे केलेला. व्हिक्टर जिना उतरून पळतो आणि उरलेली रात्र अंगणात येरझारा घालत काढतो. त्या हाताने तोवर कुणाचंही काही बिघडवलं नव्हतं.