आयत्या बिळावरचा नागोबा? केनी डॅल्ग्लिशवरच्या आरोपाला उत्तर

इंग्लिश फुटबॉलच्या गप्पा रंगल्या, की कुणीतरी केनी डॅल्ग्लिशबद्दल एक ठरलेला मजकूर पुढे ढकलतं. त्याचा सारांश असा: खेळाडू म्हणून थोर, पण मॅनेजर म्हणून आयत्या बिळावरचा नागोबा. लिव्हरपूलला त्याला तयार संघ मिळाला. संघ उतरणीला लागल्याचं दिसताच त्याने पळ काढला. ब्लॅकबर्नला क्लबचा मालक जॅक वॉकरच्या पैशाने विजेतेपद विकत घेतलं. मॅनेजर म्हणून युरोपात काहीच जिंकला नाही. शेवटी न्यूकॅसलला पितळ उघडं पडलं.

खेळाडू डॅल्ग्लिशबद्दल वाद नाही, तेव्हा ते थोडक्यात उरकतो. ग्लासगोचा मुलगा, सेल्टिककडून चार वेळा लीग जिंकला. 1977 मध्ये लिव्हरपूलने त्याला केव्हिन कीगनच्या जागी 4 लाख 40 हजार पौंडांना घेतलं, तेव्हा तो ब्रिटनमधला विक्रम होता. पुढच्याच वर्षी वेम्बलीवर क्लब ब्रुजविरुद्ध युरोपियन कपच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्याचा. स्कॉटलंडसाठी 102 सामने, 30 गोल. आता खरा वाद.

‘तयार संघ’ म्हणजे कोणता? 1984 मध्ये ग्रॅम सुनेस इटलीला गेला आणि मधल्या फळीचा कणाच निघून गेला. 1984-85 मध्ये लिव्हरपूलने एकही करंडक जिंकला नाही. शेजारचा एव्हर्टन लीग जिंकला तो तब्बल 13 गुणांनी पुढे राहून. मोसमाचा शेवट 29 मे 1985 ला ब्रुसेल्सच्या हेझेल स्टेडियमवर झाला. तिथे युरोपियन कपच्या अंतिम सामन्याआधी लिव्हरपूलच्या पाठीराख्यांनी केलेल्या हल्ल्यात 39 माणसं मेली. मॅनेजर जो फेगन निवृत्त होत होता आणि दुसऱ्या दिवशी डॅल्ग्लिशचं नाव जाहीर झालं. वय 34, प्रशिक्षकाचा अनुभव शून्य, आणि स्वतः अजून खेळत होता. इंग्लिश क्लबांवर युरोपात बंदी येणार हे काही दिवसांतच स्पष्ट झालं. असं आयतं बीळ कुणी आपल्याला देऊ केलं तर आपण घेऊ का, हे आरोप करणाऱ्यांनी एकदा मनाशी विचारून पाहावं.

त्याने कर्णधारपद फिल नीलकडून काढून अॅलन हॅन्सनकडे दिलं. नीलसारख्या जुन्या, मानी माणसाला दुखावणं सोपं नव्हतं. मधल्या फळीत अॅस्टन व्हिलाचा स्टीव्ह मॅकमॅहन आणला. फेब्रुवारी 1986 मध्ये लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर, अॅनफिल्डवरच एव्हर्टनने 2-0 ने हरवलं, तेव्हा लीग हातची गेली असं सगळे धरून चालले होते. त्यानंतरच्या 12 सामन्यांत लिव्हरपूलने 11 जिंकले आणि एक बरोबरीत सोडवला. 3 मे रोजी चेल्सीच्या मैदानावर लीग निश्चित करणारा गोल खुद्द मॅनेजरने मारला. आठवड्याभरात एफए कपच्या, म्हणजे देशातल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात एव्हर्टनला 3-1 ने हरवून दुहेरी मुकुटही मिळवला. इंग्लंडमध्ये खेळाडू-मॅनेजर म्हणून लीग जिंकणारा तो पहिलाच.

बरं, त्या वर्षी संघ निम्मा तरी जुनाच होता, हे मान्य करू. मग 1987 चं काय? इयन रश 32 लाख पौंडांना युव्हेंटसला गेला. म्हणजे जो गोल करायचा तोच गेला. डॅल्ग्लिशने रशसारखा दुसरा शोधण्याच्या भानगडीत न पडता खेळायची पद्धतच बदलली. ऑक्सफर्डचा जॉन आल्ड्रिज आधीच आणून ठेवला होता. वॉटफर्डहून जॉन बार्न्स 9 लाखांना आणि न्यूकॅसलहून पीटर बीअर्डस्ली 19 लाखांना आले, मोसम सुरू झाल्यावर ऑक्सफर्डहूनच रे हॉटन. पुढची फळी जवळजवळ सगळी नवी. या संघाने लीगमधले पहिले 29 सामने न हरता काढून लीड्सच्या विक्रमाशी बरोबरी केली. 40 सामन्यांत फक्त दोन पराभव, 90 गुण. एप्रिल 1988 मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टला 5-0 ने हरवलं तो सामना आजही जुने प्रेक्षक डोळे चमकवून सांगतात. एफए कपच्या अंतिम सामन्यात मात्र विम्बल्डनने 1-0 ने धक्का दिला आणि आल्ड्रिजची पेनल्टी अडली. तोही हिशेबात धरा. पण हा संघ कुणाच्या वारशात आला होता, एवढं सांगा.

युरोपचा मुद्दा तर दोन वाक्यांत निकाली निघतो. बाकी इंग्लिश क्लबांवरची बंदी 1990 मध्ये उठली, लिव्हरपूलवर ती आणखी एक वर्ष राहिली, आणि डॅल्ग्लिश मॅनेजर होता तो काळ 1985 ते फेब्रुवारी 1991. लिव्हरपूलच्या त्या सुवर्णकाळात ज्या स्पर्धेचं दार त्याला एकदाही उघडलं नाही, ती जिंकली नाही म्हणून त्याला कमी लेखायचं, हा कसला न्याय?

‘पळ काढला’ हे वाचलं की मला खरोखर राग येतो. 20 फेब्रुवारी 1991 ला एव्हर्टनविरुद्ध एफए कपचा सामना 4-4 असा सुटला. लिव्हरपूलने चारदा आघाडी घेतली आणि चारदा घालवली. दोन दिवसांनी डॅल्ग्लिशने राजीनामा दिला. त्या दिवशी संघ लीगमध्ये पहिल्या क्रमांकावर होता. बुडत्या जहाजातून उडी मारणारा माणूस ती वेळ निवडत नाही. कारण मैदानाबाहेर होतं. 15 एप्रिल 1989 ला हिल्सबरो स्टेडियमवर लिव्हरपूलच्या पाठीराख्यांची चेंगराचेंगरी झाली. मृतांचा आकडा आज 97 आहे. त्यानंतर अॅनफिल्डचे दरवाजे लोकांसाठी उघडले गेले. डॅल्ग्लिश कुटुंबांना भेटत राहिला, अंत्यविधींना जात राहिला, एकाच दिवशी चार ठिकाणीसुद्धा. त्याआधी हेझेलला तो मैदानावर होता. त्याहीआधी, जानेवारी 1971 मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्सवर 66 जण चिरडून मेले, तेव्हा सेल्टिकचा तरुण खेळाडू म्हणून तो त्याच स्टेडियममध्ये होता. एका आयुष्यात अशा तीन घटना. तरी हिल्सबरोनंतर तो लगेच गेला नाही. त्या वर्षीचा एफए कप आणि 1990 ची लीग जिंकून दिली, आणि मगच थांबला.

टीकाकारांना इथे एक गोष्ट द्यायलाच हवी. शेवटच्या महिन्यांत त्याने डेव्हिड स्पीडी आणि जिमी कार्टर यांना घेतलं. त्या खरेद्या लिव्हरपूलच्या इयत्तेच्या नव्हत्या आणि संघातले काही मोहरे थकत आले होते. म्हणून पुढची घसरण सगळी त्याच्या जागी मॅनेजर झालेल्या सुनेसच्या माथी मारणं बरोबर नाही. पण 1990 नंतर लिव्हरपूलला पुढची लीग जिंकायला 2020 उजाडलं. तीस वर्षांच्या दुष्काळाला एका माणसाची दोन फसलेली खरेदी पुरत नाही.

आता ब्लॅकबर्न. हे नाव आपल्याकडे निदान पुण्यात तरी ओळखीचं आहे. 2010 मध्ये पुण्याच्या वेंकीजने हा क्लब विकत घेतला आणि पुढच्या वर्षी त्याचा संघ बालेवाडीत पुणे एफसीशी खेळूनही गेला. ‘विकत घेतलेली लीग’ हा शेरा या क्लबला कायमचा चिकटलाय, आणि त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. जॅक वॉकर ब्लॅकबर्नचाच. त्याने आपला पोलादाचा धंदा 36 कोटी पौंडांना विकला आणि गावच्या क्लबमध्ये पैसा ओतला. आघाडीचा खेळाडू अॅलन शिअररसाठी 1992 मध्ये खरेदीचा ब्रिटिश विक्रम मोडला, 1994 मध्ये ख्रिस सटनसाठी 50 लाख मोजून पुन्हा मोडला.

पण ऑक्टोबर 1991 मध्ये डॅल्ग्लिश तिथे गेला तेव्हा क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता. वरच्या पायरीवर तो 1966 नंतर चढलाच नव्हता. डॅल्ग्लिशने सहाव्या क्रमांकावरून प्ले-ऑफमधून, म्हणजे बढतीसाठीच्या जादा सामन्यांतून, त्याला वर आणलं. मग चौथा, दुसरा आणि 1995 मध्ये पहिला. 1914 नंतरचं हे पहिलं विजेतेपद. पहिल्या वर्षी शिअरर निम्म्या मोसमात गुडघा दुखावून बाहेर बसला, तरीही चौथा क्रमांक आला होता.

शिवाय विजेत्या संघाकडे नीट पाहा. टिम शेरवूड 5 लाखांचा. कॉलिन हेन्ड्री 7 लाखांचा. जेसन विलकॉक्स क्लबच्याच युवा संघातून वर आलेला. मार्क अॅटकिन्स तर डॅल्ग्लिशच्या आधीपासून तिथे. आणि ज्या मँचेस्टर युनायटेडला एका गुणाने मागे टाकलं, ते काय खिशात हात घालून बसले होते? 1993 मध्ये रॉय कीनसाठी विक्रम त्यांनीच मोडला, आणि तोही कीन ब्लॅकबर्नला तोंडी होकार देऊन चुकल्यावर! जानेवारी 1995 मध्ये, ऐन शर्यतीत, अँडी कोलसाठी 70 लाख पौंडांचा सौदा करून पुन्हा त्यांनीच मोडला. पैसा दोन्हीकडे होता, मग दूषण एकालाच का?

ब्लॅकबर्न सुंदर खेळायचं असं मी म्हणणार नाही. दोन्ही कडांनी चेंडू आत टाका, शिअरर-सटन बघून घेतील, हा साधा हिशेब होता. शेवटच्या दिवशी तर अॅनफिल्डवर 2-1 ने हरून ते विजेते झाले, कारण तिकडे वेस्ट हॅमने युनायटेडला 1-1 वर रोखलं. नशीब होतंच. पण 42 सामन्यांत 89 गुण नशिबाने होत नाहीत.

खरी परीक्षा पुढे झाली. लीग जिंकल्यावर डॅल्ग्लिश संचालकाच्या खुर्चीत गेला आणि संघ त्याचा सहकारी रे हार्फर्डकडे आला. मालक तोच, पैसा तोच, शिअररही अजून तोच. तरी पुढच्या वर्षी क्रमांक सातवा, चॅम्पियन्स लीगच्या गटात तळ, आणि 1999 मध्ये क्लब चक्क खालच्या डिव्हिजनमध्ये. वॉकर तेव्हा हयात होता. वेंकीजच्या काळात, 2012 मध्ये, क्लब पुन्हा खाली गेला. पैशाने विजेतेपद येत असेल तर ते एकदाच का आलं?

दोन वेगळ्या क्लबांना इंग्लंडची लीग जिंकून देणारे मॅनेजर आजवर चारच: टॉम वॉटसन, हर्बर्ट चॅपमन, ब्रायन क्लफ आणि डॅल्ग्लिश. त्याच्यानंतर पाचवा झालेला नाही.

न्यूकॅसलबद्दल मी वकिली करणार नाही. जानेवारी 1997 मध्ये तिथला मॅनेजर कीगनच्या जागी येऊन त्याने दुसरा क्रमांक राखला, सप्टेंबरमध्ये बार्सिलोनाला 3-2 ने हरवलं, पण वर्षभरात संघ तेराव्या क्रमांकावर घसरला. शिअररचा घोटा मोसमाआधीच मोडला हे खरं, पण लेस फर्डिनंड आणि जिनोला विकले गेले आणि उतारवयातले रश, बार्न्स आले, हेही खरं. 1998 च्या ऑगस्टमध्ये दोन सामन्यांनंतर त्याला काढलं. तिथे तो कमी पडला. फक्त शे गिव्हनला त्यानेच आणलं होतं आणि तो गोलकीपर पुढची अकरा वर्षं तिथे राहिला, ही नोंद मजकुरात कधीच नसते.

2011 मधल्या लिव्हरपूलच्या दुसऱ्या खेपेतही लीग कप सोडला तर मोठं काही हाती लागलं नाही. अँडी कॅरोलवरचे साडेतीन कोटी वाया गेले. आणि मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराला वर्णावरून बोलल्याबद्दल लिव्हरपूलच्या लुईस सुआरेझवर कारवाई झाली, तेव्हा डॅल्ग्लिशने त्याला ज्या प्रकारे पाठीशी घातलं, ते मला आजही अक्षम्य वाटतं. त्याच्यावर टीका करायचीच असेल तर तिथे करा, भरपूर जागा आहे.

मात्र त्याच 2011 च्या उन्हाळ्यात त्याने संडरलंडहून जॉर्डन हेंडरसन नावाचा 20 वर्षांचा मुलगा घेतला. पैसे फुकट गेले म्हणून तेव्हा खूप हशा झाला. त्याच हेंडरसनने कर्णधार म्हणून 2019 मध्ये चॅम्पियन्स लीगचा आणि 2020 मध्ये लीगचा करंडक उचलला. तेव्हा मॅनेजर युर्गेन क्लॉप होता, आणि कर्णधार त्याला आयता मिळाला होता.