मन घरी ठेवून गादीवर बसता येत नाही

जळगावच्या जिनिंगवाल्यांपासून (कापसातली सरकी काढणारे) सावदा-रावेरच्या केळीवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सार असं : मन घरी ठेवून कामावर या, भावना आली की निर्णय बिघडतो, ‘आतून वाटतं’ ही अंधश्रद्धा, कल्पना करणं रिकामटेकड्यांचा उद्योग आणि रागात घेतलेला निर्णय हमखास फसतो. खाली अंगठ्यांची रांग. यातला शेवटचा मुद्दा बराचसा खरा आहे, त्याकडे नंतर येतो.

भावना वजा केली की निर्णय स्वच्छ होतो म्हणे. अशी वजाबाकी खरोखर झालेली आहे. मेंदूतज्ज्ञ अँटोनिओ दमासिओ यांनी १९९४ च्या पुस्तकात ‘एलियट’ या टोपणनावाने एका रुग्णाची हकिगत दिली आहे. कपाळामागची गाठ काढताना मेंदूचा काही भाग गेला. बुद्धीच्या चाचण्यांत गडी चोख, स्मरण शाबूत, भावना मात्र विझल्यासारख्या. कागद कोणत्या क्रमाने लावायचे यात अख्खी दुपार जायची. नोकरी गेली, नको त्या धंद्यात पैसा बुडाला. अशाच दुसऱ्या एका रुग्णाने पुढच्या भेटीची तारीख ठरवायला जवळपास अर्धा तास फायदे-तोटे मांडले, आणि तारखा होत्या दोनच! हिशेब सगळा जमत होता, पण त्यातलं जड काय नि हलकं काय हेच कळत नव्हतं.

‘आतून वाटतं’ ही अंधश्रद्धा असेल, तर आपल्याकडचा प्रत्येक जुना कापूस पारखणारा बुवाबाजी करतो म्हणायचं. गाडी आली की तो वरचा कापूस बघत बसत नाही. कोपरापर्यंत हात ढिगात घालतो, आतली ऊब घेतो, मूठभर बाहेर काढून दोन्ही अंगठ्यांत धागा ओढतो. तोंड वाकडं झालं की समजावं, काहीतरी खटकलंय. काय ते त्याला लगेच सांगता येईलच असं नाही. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की दर उतरतो, १२ च्या वर सीसीआय (सरकारी भारतीय कापूस महामंडळ) माल घेत नाही, हे त्यालाही पाठ आहे. पण मीटर कुठे खुपसायचा हे त्याचं खटकणंच सांगतं. शहाणा मालक एवढंच करतो : मीटर ढिगाच्या पोटात घालून पुन्हा मोजतो. नुसत्या खटकण्यावर गाडी परत पाठवणं हा मूर्खपणाच, ते कबूल.

कल्पनेबद्दल बोलणाऱ्याने निदान जळगावात तरी जपून बोलावं. १९७८ मध्ये जैन इरिगेशनचे संस्थापक भवरलाल जैन यांनी केळीच्या भुकटीचा रडतखडत चाललेला कारखाना घेतला. ताळेबंदात तो तोट्याचाच होता. त्यांनी त्याच कारखान्यात पपईच्या चिकापासून पेपेन हे एन्झाइम काढलं. ही वाट ताळेबंदात नव्हती, ती कल्पनेतच दिसली.

कल्पनेचा दुसरा उपयोग नुकसान टाळायला होतो, आणि तो आपण फारच कमी करतो. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाईन यांनी २००७ च्या एका लेखात मांडलेली एक सोपी रीत आहे. समजा तुम्ही केळीचं पॅकहाऊस (माल धुऊन खोक्यांत भरायची जागा) काढताय. सगळ्यांना बसवून सांगायचं : पुढचा मे महिना उजाडलाय, आपलं पॅकहाऊस बुडालंय. का बुडालं, प्रत्येकाने लिहा. ‘काही अडचण येईल का?’ असं विचारलं की मुनीम ‘नाही शेठ’ म्हणतो. बुडालंच आहे म्हटल्यावर तोच लिहितो : विजेची डीपी जळाली नि जनरेटर नव्हता. कटाईची टोळी दुसऱ्याने पळवली. सगळा माल एकाच व्यापाऱ्याच्या भरवशावर होता. वादळात कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली केळी) झोपली. भिणारा माणूस इथे कामाला येतो, कारण त्याला बारीकसारीक दिसतं.

राहिला राग. मेसेज इथे बरोबर आहे, फक्त अर्धवट. सकाळी घरी भांडण झालं आणि दुपारी त्याच तिरमिरीत सुपरवायझरला काढून टाकलं, तर त्या रागाचा कामाशी काहीच संबंध नाही, तो निर्णय उद्यावर टाकावा. पण ज्या व्यापाऱ्याने मागच्या हंगामात वजनात मारलं, त्याचा फोन आल्यावर डोकं तापत असेल, तर त्या रागाला कारण आहे. यंदा तो क्विंटलमागे चार पैसे जास्त देतो म्हणत असला तरी माल देताना वजनकाट्यापाशी आपला माणूस उभा करा.