मांजराला खेळणं नको, काम द्या

मांजराच्या खेळण्यांवर पैसे घालणाऱ्यांवर माझा राग नाही. हौसेला मोल नसतं, आणि कोल्हापूरकराच्या हौसेला तर नाहीच नाही. पण सेलवर फडफडणारा मासा, आपोआप फिरणारा चेंडू, पिसांचा झुबका लावलेली काठी असलं सगळं घरात आणायचं आणि आठवड्यानं ‘आमची माऊ खेळतच नाही, भारी आळशी आहे’ म्हणायचं, अशांशी मला जरा भांडायचं आहे. मांजर आळशी नसतं हो. ते बेकार असतं.

पेठेतल्या जुन्या घरांत मांजराला नोकरी होती. माळ्यावर जोंधळ्याची पोती, सोप्यात शेंगांची रास, कौलांखाली उंदरांची वस्ती, मागच्या परड्यात चिचुंद्र्या. मांजर कुणी मुद्दाम पाळायचं नाही, ते घराला असायचं. रात्रपाळी करून सकाळी चुलीजवळ येऊन पडायचं आणि त्याच्या झोपेवर कुणी बोलायचं नाही. आता आपण तिसऱ्या मजल्यावर, खिडक्यांना जाळ्या, धान्य पाच किलोच्या पिशवीतून येतं आणि स्टीलच्या डब्यात जातं. उंदीर लिफ्टनं येत नाही. मांजराचं काम गेलं, पण कान, मिशा, नखं आणि दबा धरायची कला सगळं जाग्यावर आहे. मग पहाटे तीन वाजता पांघरुणातून बाहेर आलेला तुमचा पायाचा अंगठा हाच त्याचा उंदीर होतो. त्यात त्याची काय चूक?

मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतं, हे खरं. पण एका उंदरानं त्याचं पोट भरत नसतं. मोकळ्यावरच्या मांजराला दिवसभरात अशा कितीतरी छोट्या शिकारी कराव्या लागतात आणि त्यातल्या बऱ्याच फसतात. म्हणजे थोडा वेळ जोरात काम, मग झोप, परत काम. घरात आपण फक्त झोपेची सोय केली आहे.

मी घरात हे बोलले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “मांजराला खेळवायचं म्हंजे काय गं? उद्या त्येला शाळंत बी घालशीला.” सासूबाई गडहिंग्लजकडच्या. पण आज आमच्या गुंडी मांजरीला त्यांच्याइतकं चांगलं कुणी खेळवत नाही. खराट्याचा एक लांब हीर काढायचा, टोक बोथट करायचं, त्याला जुन्या लुगड्याची वीतभर चिंधी घट्ट बांधायची. झालं खेळणं. खर्च शून्य. दुकानातल्या काठीपेक्षा हीर बरा, कारण तो लवचिक असतो आणि टोकाची चिंधी नुसत्या मनगटाच्या हालचालीवर थरथरते.

आता खरी मेख सांगते. मांजराला वस्तू नको असते, वस्तूची हालचाल हवी असते. बहुतेक माणसं काय करतात, खेळणं मांजराच्या नाकासमोर नाचवतात. पण नाकासमोर फूटभराच्या आतलं मांजराला धड दिसतच नाही, तिथं ते मिशांवर काम भागवतं. शिवाय जगातला कुठला उंदीर स्वतःहून मांजराच्या तोंडाशी येऊन नाचतो? तो लांब पळतो, थांबतो, कोपऱ्याआड जातो, शेपटीचं टोक तेवढं बाहेर ठेवतो. सासूबाई दिवाणावर बसून नेमकं हेच करतात, कारण त्यांचा हात म्हातारा आहे, मधे मधे थांबतो. चिंधी उशीखाली सरकते आणि गप्प होते. मग गुंडीचं बूड हलायला लागतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, आणि झेप! माझा मुलगा तीच चिंधी गरागरा फिरवतो तेव्हा ती दोन मिनिटं बघते आणि निघून जाते. पोरगं म्हणतं, आज तिचा मूड नाही. मूड आहे राजा, तुझ्या उंदराला उंदरासारखं वागता येत नाही.

आवाजाचंही तसंच. आवाजाची पट्टी चढत गेली तर माणसाच्या कानाची मजल २० किलोहर्ट्झपर्यंत, मांजराची ६० च्याही पुढं. उंदराच्या पिल्लांची आपल्याला ऐकूच न येणारी किरकिर त्याला ऐकू येते. म्हणून तर पेपरचा बोळा त्याला एवढा आवडतो. चुरगळलेला कागद फरशीवर घसरताना बारीक कुरकुरतो, आणि ती कुरकुर पाचोळ्यात काहीतरी हलल्यासारखी असते. वाचून झालेला कालचा ‘पुढारी’ घ्या, एक पान घट्ट न चुरगळता सैल चुरगळा, आणि फरशीवरून तिच्यापासून लांब टाका. दुसरं पान जमिनीवर तंबूसारखं उभं ठेवून खालून हिरानं खाजवा. बोट वापरू नका. हातालाच शिकार समजायची सवय लागली की पुढं पाहुण्यांच्या हातांचंही काही खरं नसतं.

खोक्यांबद्दल तर काय बोलावं. चपलांचं खोकं, मिक्सरचं खोकं, कुरिअरचं खोकं, कुठलंही चालतं. नेदरलँड्समधल्या एका प्राणी निवारागृहात नव्यानं आलेल्या काही मांजरांना लपायला खोकी दिली आणि काहींना दिली नाहीत. खोकी मिळालेली मांजरं लवकर रुळली. हा अभ्यास २०१४ साली छापून आला. आपल्या घरात पाहुणे, दिवाळीचे फटाके, घर बदलणं, काहीही झालं तरी मांजराला आधी आत शिरायला जागा लागते, खेळ नंतर. खोक्याला दोन बाजूंनी भोकं पाडली आणि एकातून चिंधी आत सरकवली की लपायची जागा आणि शिकारीची जागा एकच होते. फक्त स्टेपलच्या पिना आणि चिकटपट्टी काढून टाका. आणि गुळाच्या रव्याचं, म्हणजे ढेपेचं, खोकं देऊ नका. मांजर राहतं बाजूला, मुंग्या राहायला येतात.

नखांसाठी सुतळी. जड पाटाच्या किंवा टेबलाच्या पायाला सुतळी घट्ट गुंडाळायची, किंवा गोणपाटाचा तुकडा सोफ्याच्या ज्या हाताला ती ओरबाडते त्यावरच ताणून शिवायचा. बाकी काही नाही. अंगभर ताणून उभं राहता येईल एवढी उंची हवी, नाहीतर ती परत सोफ्याकडेच जाणार. आणि कोल्हापुरी चप्पल कपाटात. कातड्याच्या वासानं आमच्याकडे एक जोड कामी आला आहे. त्याबद्दल गुंडीला काही बोलायची सोय नाही, कारण घरातलं निम्मं मत तिच्या बाजूनं होतं.

पण स्वस्त म्हणजे सगळंच चालतं असं नाही, आणि इथं मी हसत नाही. दोरा, लोकर, रबर, केसांचं बारीक रबरबँड, राखीचा गोंडा, झगमगीत झिरमिळ्या, दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, हे सगळं मांजरासाठी वाईट आहे. लोकरीच्या गुंड्याशी खेळणारं मांजर चित्रात गोड दिसतं. मांजराच्या जिभेवर घशाकडं वळलेले काटे असतात, त्यामुळं तोंडात गेलेला दोरा त्याला बाहेर ढकलता येत नाही, तो आतच जात राहतो. एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकलं आणि बाकीचा दोरा आतड्यात उतरला, की आतडं त्या दोऱ्यावर चुण्या पडून गोळा होतं आणि कापलंही जाऊ शकतं. मग ऑपरेशनशिवाय गती नसते. आपल्याकडे सगळ्यात फसवा दोरा गजऱ्याचा. देवीला जाऊन आलं, गजरा टेबलावर ठेवला, फुलं सुकली, दोरा उरला. त्याला फुलांचा, केसांचा, तेलाचा वास. मांजराला आणखी काय पाहिजे? गजरा उतरला की दोरा झाकणाच्या कचरापेटीत टाका. सुईदोऱ्याचा डबा बंद. आणि दोऱ्याचं टोक तोंडातून किंवा मागून बाहेर दिसलं तर ओढायचं नाही, कितीही मोह झाला तरी. सरळ जनावरांच्या डॉक्टरकडं. हिराची चिंधीसुद्धा खेळ संपला की वर कपाटात जाते. ती मांजराजवळ एकटी ठेवायची वस्तू नाही.

खाण्यातही थोडं काम घालता येतं. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे आपल्याकडे फुकट पडलेला असतो. त्याच्या खळग्यांत कोरड्या खाण्याचे दाणे टाका, वरून कागदाचे दोन-चार बोळे. मांजर पंजानं एकेक दाणा काढतं. पण सगळं जेवण असं दमवून देऊ नका. आयतं मिळत असेल तर मांजर फारसं कष्ट करायला जात नाही, हे अभ्यासातही दिसलं आहे. (या बाबतीत ते अगदी घरातल्या माणसांसारखं.) थोडे दाणे ट्रेमध्ये, बाकीचं ताटलीत.

बक्षीस म्हणून चिकनचा तुकडा द्यायचा तर कोल्हापुरात एक अडचण आहे. आपल्या घरात साधं चिकन मुळी शिजतच नाही. तांबडा काय नि पांढरा काय, दोन्ही रश्श्यांत कांदा-लसूण असतो, आणि कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ‘अळणी तर आहे, त्यात काय होतंय’ हेही चालायचं नाही, कारण अळणीतही, म्हणजे मसाला पडण्याआधीच्या रश्श्यातही, बहुतेक घरी आलं-लसूण पडलेलं असतंच. फोडणीच्या आधी दोन तुकडे वेगळ्या भांड्यात नुसत्या पाण्यात उकडा, हाड काढा, बारीक फाडा. मांजराचा वाटा तो.

आणि वाटा द्यायचाच असतो. हे कोल्हापूरला तरी वेगळं सांगायला नको. इथं संस्थानच्या काळात शिकारीचे चित्ते पाळलेले होते. डोळ्यांवर झापड घालून चित्ता माळावर न्यायचे, काळवीट दिसलं की झापड काढायचे. शिकार झाली की चित्तेवान आधी चित्त्याला त्याचा वाटा द्यायचा, मगच त्याला काळविटावरून बाजूला घ्यायचा. त्या माणसांना कळत होतं की धावून हाती काही लागलं नाही, तर जनावर पुढच्या वेळी कशाला धावेल?

लेझर लाइटवर माझा आक्षेप आहे तो यासाठीच. भिंतीवरचा लाल ठिपका मांजराला पळवतो, दमवतो, आणि हाताला काहीच लागत नाही. काही मांजरं मग घरभर उजेडाचे कवडसे शोधत बसतात. वापरायचाच असेल तर डोळ्यांत मारू नका, आणि शेवटी ठिपका एखाद्या खऱ्या वस्तूवर, चिंधीवर किंवा चिकनच्या तुकड्यावर आणून संपवा. तिला ते पकडू द्या. हिराची चिंधीसुद्धा दर थोड्या वेळानं तिच्या तावडीत सापडलीच पाहिजे. सारखं हरणाऱ्या शिकाऱ्याचा जीव किती दिवस रमणार?

खेळाची वेळ रात्रीच्या जेवणाच्या आधीची ठेवा. तुमच्या नाही, तिच्या जेवणाच्या. दहा मिनिटं शिकार, मग खाणं, मग अंग चाटून साफ करणं, मग झोप, हा मांजराचा मूळचाच क्रम आहे. पहाटे तीनच्या अंगठ्याचा प्रश्न आमच्याकडे यानंच सुटला. ज्यांची मांजरं बाहेर जातात आणि शिकार आणून दारात ठेवतात, त्यांच्यासाठीही हे खरं आहे. इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाचा २०२१ सालचा अभ्यास आहे. रोज पाच-दहा मिनिटं शिकारीसारखं खेळवल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार २५ टक्क्यांनी कमी झाली. मांसाचं प्रमाण जास्त असलेलं खाणं दिल्यावर ३६ टक्क्यांनी. चिमण्या कमी झाल्या म्हणून हळहळणाऱ्यांनी मांजराला दगड मारण्याआधी असं खाणं देऊन बघावं.

‘पण तेच खेळणं चार दिवसांनी कंटाळवाणं होतं’ असं कुणी म्हणेल. होतंच. २००२ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी हेच तपासलं होतं. तेच खेळणं पुन्हा पुन्हा दिलं की मांजर थंड पडतं, पण लगेच थोडं वेगळं खेळणं दिलं की पहिल्यापेक्षा जोरात खेळतं. म्हणजे मांजर खेळाला कंटाळत नाही, त्या वस्तूला कंटाळतं. लुगड्याची चिंधी काढून टॉवेलची बांधा, पेपरच्या जागी खाकी कागद, बोळ्याच्या जागी जुना मोजा. सगळं एकदम जमिनीवर पसरून ठेवू नका. एक-दोन वस्तू बाहेर, बाकीच्या डब्यात. फुकटच्या वस्तूंचा फायदाच हा की बदलताना जीव तुटत नाही. हजार रुपयांचा मासा कंटाळवाणा झाला तर आपण मांजरावर रुसतो.

एक गोष्ट राहिली. दुकानात कॅटनिप नावाची, वासानं मांजराला भुलवणारी वाळलेली पानं मिळतात, महाग असतात. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणाच्या कडेला, शेताच्या बांधावर खोकली उगवते. काहीजण तिला कुप्पी म्हणतात. तिच्या पानांकडं मांजर बघतही नाही, पण मुळासकट उपटली की त्या मुळाच्या वासावर लोळायला लागतं, गाल घासतं, अंग टाकून देतं. प्रत्येक मांजर सारखं भुलत नाही. मूळ धुऊन फडक्यात बांधा, पाच मिनिटं द्या आणि काढून घ्या, खाऊ देऊ नका. मी पहिल्यांदा घरात आणली तेव्हा गुंडी दिवाणाखाली उताणी पडून त्या फडक्याला चारी पायांनी कवटाळून होती. सासूबाईंनी ते झाड हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाल्या, “अगं, जल्मभर भांगलताना ह्येच उपटून बांधावर टाकत आलो की! मांजरं तितंच का जाऊन लोळायची, ते आज कळलं बघ.”