‘पाऊण तास नुसतं खेळवतात’: दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. लगेच उत्तर लिहिलं आणि पुसून टाकलं, कारण रागाच्या भरात लिहिलेल्या त्या चार ओळींत मी फक्त स्वतःची बाजू मांडत होते. बाळांच्या थेरपीचं हे सेंटर माझं आहे आणि रोज मॅटवर बसणारी ऑक्युपेशनल थेरपिस्टही (बाळाला बसणं, खेळणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी) मीच आहे, म्हणून मीच लिहिते. बाळाच्या फाइलमधलं काहीही इथे येणार नाही. तुम्ही स्वतः जेवढं लिहिलंय (२९ आठवड्यांत जन्मलेलं बाळ, आता आठ महिने पूर्ण, अजून बसत नाही, आमच्याकडे ६ सेशन झाली) तेवढ्यावरच बोलते.

आधी आमच्या चुका. पाचव्या सेशनला थेरपिस्ट बदलल्या आणि तुम्हाला ते दार उघडल्यावर कळलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला नवा आवाज, नवे हात सवयीचे व्हायला वेळ लागतो, हे आम्हीच सगळ्या आईबाबांना सांगत असतो. त्याला काहीही सबब नाही. त्याच दिवशी तुम्हाला पस्तीस मिनिटं थांबावं लागलं, बाळाच्या झोपेची वेळ झाली आणि पुढे सेशनभर ते रडलं. ते सेशन आम्ही हिशेबातून काढलं आहे. आणि तुम्ही लिहिलंय तसं, रिपोर्टमध्ये ‘ट्रंकल टोन कमी’ असं लिहून हातात कागद देणं म्हणजे न सांगितल्यातच जमा. त्याचा साधा अर्थ असा की बाळाचं धड अजून सैल आहे, बसतं केलं की पुढे नाहीतर बाजूला कलंडतं.

आता मूळ तक्रार. तुम्ही लिहिलंय, ‘मॅडम बाळाला मांडीपाशी बसवतात, खुळखुळा बाजूला ठेवतात आणि बघत बसतात. हे तर आजी घरी करते.’ आजी करते हे उत्तमच आहे. फक्त तो खुळखुळा कुठे ठेवला होता, ते बघा. समोर नव्हता. कमरेच्या बाजूला, हात पूर्ण लांबवला तर बोटं जेमतेम पोचतील इतक्या अंतरावर होता. तो घ्यायचा तर बाळाला अंगाचं वजन एका कुल्ल्यावर न्यावं लागतं, दुसऱ्या बाजूची कंबर आखडून घ्यावी लागते आणि मग परत मध्यावर यावं लागतं. बसणं म्हणजे हेच. उशांच्या गराड्यात ठेवलेलं बाळ बसलेलं दिसतं, पण उशी काढली की कलंडतं, कारण तोल सावरायचं काम तोवर उशीच करत होती. मॅडमनी हात धरून खुळखुळ्यापर्यंत नेला असता तर तुम्हाला थेरपी ‘दिसली’ असती, पण ती हालचाल मॅडमची झाली असती. म्हणून त्या थांबल्या. बाळ तीनदा बघतं, चौथ्यांदा हात उचलतं, आणि त्या तीन वेळा गप्प बसून राहणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे. नव्या थेरपिस्टना ते शिकवायला मला महिने लागतात.

‘बाळ शांत होतं तरी मध्येच खेळणं काढून घेतलं’, असंही तुम्ही लिहिलंय. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, आठवडे काढलेली बाळं दमली की रडतीलच असं नाही. पंजा पंख्यासारखा फाकतो, नजर वळते, जांभई येते, उचकी लागते, कधी तोंडाभोवतीचा रंग बदलतो. आमच्यासाठी ती ‘आता पुरे’ची खूण असते. खेळणं त्यासाठी काढलं. पण हे त्याच क्षणी तुमच्याकडे वळून सांगायला हवं होतं, ते कुणी सांगितलं नाही. आमची एक जुनी खोड आहे: आई आली की तिला मॅटवर घेतो, बाबा आले की भिंतीकडच्या खुर्चीत बसवतो. खुर्चीतून फक्त खेळच दिसणार. या आठवड्यापासून ती खुर्ची मॅटच्या खोलीतून बाहेर काढली आहे.

आठ महिन्यांचं बाळ बसत नाही याची धास्ती मला कळते, पण वयाचा हिशेब वेगळा करावा लागतो. पूर्ण दिवसांच्या ४० आठवड्यांतून २९ गेले, ११ उरले, म्हणजे अडीच महिने. आठमधून ते वजा केले की बाळ साडेपाच महिन्यांचं धरायचं. याला आम्ही करेक्टेड वय म्हणतो आणि दोन वर्षांचं होईपर्यंत सगळी मोजमापं त्याच वयाने करतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली मुलांच्या हालचालींचे टप्पे प्रसिद्ध केले. त्यात आधाराशिवाय बसण्याचा काळ जवळपास चार महिन्यांपासून नऊ महिन्यांच्या थोडं पुढेपर्यंत पसरलेला आहे, सरासरी सहाच्या आसपास. आणि ती मुलं पूर्ण दिवसांची, तब्येतीने ठणठणीत होती. हा हिशेब पहिल्याच दिवशी तुम्हाला दोघांना एकत्र बसवून सांगायला हवा होता.

वॉकर बंद करायला सांगितला म्हणून तुम्ही चिडलात. भेट आलेली वस्तू अडगळीत टाकायला जड जातं, पण या मुद्द्यावर मी मागे हटणार नाही. पोटातल्या शेवटच्या आठवड्यांत जागा अपुरी पडते, बाळ गोळा होऊन राहतं, आणि त्या दाटीतूनच त्याला हातपाय आत घ्यायची सवय लागते. लवकर जन्मलेलं बाळ त्या आठवड्यांत सपाट गादीवर असतं. खांदे मागे जातात, पाय फाकतात. (एनआयसीयूतल्या ताईंनी ‘नुसतं दुपट्याचं घरटं केलं’ असं तुम्ही लिहिलंय, ते याचसाठी होतं.) अशी काही बाळं पुढे उभं धरल्यावर पाय काठीसारखे ताठ करतात आणि घरात सगळे खूश होतात की पाय किती भक्कम आहेत! वॉकरमध्ये तो ताठपणा वाढतो, चवड्यांवर ढकलायची सवय लागते, बाळाला स्वतःचे पायही दिसत नाहीत, आणि जिन्याशी होणारे अपघात वेगळेच. कॅनडाने तर २००४ सालीच बेबी वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली.

‘घरीच करायचं तर फी कशाची?’ हा प्रश्न पुष्कळ जण मनात ठेवतात, तुम्ही विचारलात ते बरं केलंत. आठवड्याचे १६८ तास, त्यातला पाऊण तास बाळ आमच्याकडे. त्या पाऊण तासात आम्ही शोधायचं असतं की बाळ कुठे अडतंय आणि दिवसभरातल्या कुठल्या कामात ते घुसवता येईल. लंगोट बदलल्यावर बाळाला दोन्ही काखांतून सरळ वर न उचलता आधी कुशीवर वळवायचं, मग हाताच्या आधाराने उठवायचं. दिवसातून आठ-दहा वेळा आपोआप होतं, वेगळा व्यायाम लागत नाही. आम्ही मात्र तुम्हाला चौदा गोष्टींची छापील यादी दिली. ती मी पाहिली आणि मलाच घाम फुटला. यापुढे एका वेळी दोनच गोष्टी, त्याही करून दाखवून.

‘बाळ नक्की कधी बसेल?’ याला तारीख मी आजही देणार नाही. लवकर सुरू केलेल्या अशा कामाचा आकलनाला शाळेपूर्वीच्या वयापर्यंत फायदा दिसतो, हालचालींवरचा परिणाम त्यामानाने लहान असतो, हे अभ्यासांतून पुढे आलेलं आहे. त्याहून मोठं आश्वासन मी दिलं तर माझ्यावर विश्वास ठेवू नका. पण काय दिसलं तर थांबायचं नाही, ते सांगू शकते. एक मूठ कायम आवळलेली, वर्षाच्या आतच बाळ एकाच हाताने सगळं घेतंय, अंग सैल किंवा ताठ होत चाललंय, किंवा येत असलेली गोष्ट करणं थांबलंय. यातलं काहीही असलं तर पुढच्या सेशनची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

जाता जाता, ‘ऑक्युपेशनल म्हणजे नोकरीधंद्याची थेरपी, बाळाला कशाला?’ या वाक्यावर आम्ही सगळ्या हसलो. नावाने घोळ होतो खरा. दूध पिणं, झोपणं, टक लावून बघणं, हाती येईल ते तोंडात घालणं, बाळाचा कामधंदा तो हाच.

पहिल्या चार सेशनच्या थेरपिस्ट मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी असतात. बाळाची झोप झाल्यानंतरची वेळ सांगा, ती तुमच्यासाठी ठेवते. आमच्याकडे यायचं नसेल तर फाइलची पूर्ण प्रत, या वेळी साध्या मराठीत, रिसेप्शनवर तयार ठेवली आहे. दुसऱ्या थेरपिस्टकडे ती घेऊन जा, म्हणजे तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागणार नाही.