शिडीच्या कितव्या पायरीवर?

रविवारी सकाळी इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या ओटल्यावर पोहे-जलेबी येईपर्यंत वाद रंगतो. या वेळी विषय भाच्यानं काढला. जागतिक आनंद अहवालासाठी लोकांना जो प्रश्न विचारतात, तोच त्यानं आम्हाला विचारला. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी आहे, सगळ्यात वर तुमच्या मनातलं उत्तम आयुष्य. आज तुम्ही कितव्या पायरीवर?

नाना म्हणाले आठ, ताई सहा, मी सात. भाच्यानं स्वतःचा आकडा सांगितला नाही.

"पण यात सरकारचा काय संबंध?" नाना म्हणाले. "सुख मनाचं असतं. आपल्या मध्य प्रदेशानं २०१६ मध्ये आनंद विभाग काढला, देशात पहिला. म्हणून माझ्या घरात आनंद वाढला का?"

"नाना, तुमच्या आठातल्या दोन पायऱ्या नर्मदेच्या आहेत," ताई म्हणाली.

नाना गप्प झाले. त्यांची आई पहाटे घागर घेऊन रांगेत उभी राहायची. चुंबळ ठेवून ठेवून तिच्या माथ्यावरचे केस विरळ झाले होते, हे नानांनीच आम्हाला कितीदा सांगितलंय. १९७० मध्ये नर्मदेच्या पाण्यासाठी शहर रस्त्यावर उतरलं, आणि १९७८ मध्ये जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, पाणी इंदुरात आलं.

"म्हणजे माझंच खरं," नाना सावरून म्हणाले. "पाणी द्या, रस्ते द्या, कचरा उचला. २०१७ ते २०२४ स्वच्छतेत सलग आठ वेळा पहिले आलो. एवढं मिळालं की सरकारचं काम संपलं. कोण निवडून येतं, याच्याशी सुखाचा संबंध नाही."

इथे मला राहवलं नाही. स्वित्झर्लंडमध्ये फ्राय आणि स्टुट्झर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी सहा हजारांवर लोकांच्या उत्तरांचा अभ्यास करून २००० मध्ये तो प्रसिद्ध केला. ज्या कॅन्टनमध्ये, म्हणजे तिथल्या प्रांतात, लोकांना थेट मतदानानं कायदे आणि खर्च ठरवता येतात, तिथले लोक आयुष्यावर जास्त समाधानी निघाले. माझ्या मनात रुतून बसलंय ते पुढचं. तिथेच राहणारे, तेच रस्ते आणि त्याच शाळा वापरणारे, पण मताचा हक्क नसलेले परदेशी लोक होते. त्यांच्या समाधानात तेवढी वाढ दिसली नाही. म्हणजे सोयी मिळाल्या तरी आपल्याला कुणी विचारलं होतं का, हे माणसाच्या मनात राहतंच.

आईच्या एका दाखल्यावर नाव चुकलं होतं. ते दुरुस्त करायला मी तिला घेऊन एका कार्यालयात चार चकरा मारल्या. चौथ्या वेळी खिडकीवरच्या माणसानं मान वर न करता "उद्या या" म्हटलं, तेव्हा आईनं पिशवीतले कागद एकेक करून परत घडी घातले. ती घडी घालण्याची पद्धत मी विसरू शकत नाही. आपल्याकडे २०१० पासून लोकसेवा हमीचा कायदा आहे. ठरल्या मुदतीत काम झालं नाही, तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० दंड, आणि ते पैसे अर्जदाराला. आनंद विभागापेक्षा मला हा कायदा आनंदाच्या जास्त जवळचा वाटतो, कारण तो नागरिकाच्या हातात काहीतरी देतो. पण आईला तो ठाऊक नव्हता, आणि तेव्हा मलाही नव्हता.

"आणि महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली," ताई म्हणाली, "निवडणूक झाली जुलै २०२२ मध्ये. मधली दोन वर्षं शहर चकाचक होतं नाना, पण आमच्या गल्लीतल्या ड्रेनेजसाठी जायचं कुणाकडे? नगरसेवकच नव्हता."

नानांनी मान हलवली, पण पूर्ण पटलेलं दिसत नव्हतं. त्यांनी भाच्याला विचारलं, "तू कितव्या पायरीवर, ते सांग ना."

"चार."

आम्ही सगळे चमकलो. चांगली नोकरी आहे, घरचं सगळं ठीक आहे.

"२०२४ ला माझं पहिलं मत होतं," तो म्हणाला. त्या लोकसभेला इंदुरात मुख्य विरोधी पक्षाच्या उमेदवारानं शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला, आणि २,१८,६७४ मतं नोटाला पडली. "त्यातलं एक माझं."

नानांनी पोह्यांची प्लेट त्याच्याकडे सरकवली, वर जिरावन मसाला भुरभुरला. "मग नोटा दाबून बरं वाटलं का रे?"

"नाही वाटलं. पण घरी बसलो असतो, तर आज तीन म्हणालो असतो."